आत्यांचा उपास

सोमवारी सकाळी माझ्या मुलीला भूल देऊन तिच्या डोक्याचा स्कॅन काढायचा होता. ती नुकती कुठे चालायला लागली होती आणि मध्येच तिचा सगळा उत्साह ओसरला होता. दोन पावलं टाकायची, भिंतीला टेकायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. हाक मारली की मान वळवायची, पण उशिरा. हाक तिच्या शेजारून निघून गेल्यावर तिला कळायचं की आपल्याला कोणीतरी बोलावलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, गुडघ्यावर टकटक केलं, "काही औषध चालू आहे का?" असं विचारलं. मी "नाही" म्हणाले. मग त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा मी त्यांच्या पेनाकडे बघते. पेन थांबलेलं होतं.

आमच्या घरात माझ्या काळजीला फारशी किंमत नाही, कारण ती सतत चालू असते. मुलगी झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरते. नवरा म्हणतो, "तू काळजी करायची थांबलीस ना, तर मला काळजी वाटेल." मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे मुलगी फार झोपते असं मी पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "रडत होती तेव्हा रडते म्हणून काळजी, आता झोपते म्हणून काळजी. तिनं करावं तरी काय बिचारीनं?"

मी कामावर गेले की मुलगी आत्यांच्या पाळणाघरात असायची. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, सासूबाईंची नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी पाळणाघर काढलं होतं: जमिनीवर जाड चटया, खिडकीला जाळी, टेबलाच्या कोपऱ्यांना कापसाच्या गुंडाळ्या. मी मुलीला तिथे ठेवायच्या आधी त्या गुंडाळ्या हाताने दाबून बघितल्या होत्या. बाकीच्या मुलांच्या आया आत्यांना अंगाईमावशी म्हणायच्या, कारण त्यांच्याकडे मुलं दुपारी झोपायची म्हणजे झोपायचीच. चर्चमधल्या महिला मंडळाची प्रार्थनाही आत्याच चालवायच्या. कोणाच्या घरी आजारपण आलं की पहिला फोन पाळकसाहेबांना नाही, आत्यांना जायचा.

स्कॅनचं ठरलं तसा आत्यांनी उपास धरला. सासूबाईंनी प्रार्थनेची साखळी सुरू केली. म्हणजे चर्चमधल्या कुटुंबांनी दिवस आपसांत वाटून घ्यायचा, आणि आपली पाळी संपली की पुढच्याला फोन करून कळवायचं. सासूबाई सगळ्यांवर लक्ष ठेवून होत्या. "तुम्ही आमेन म्हटलंत ते ठीक, पण पुढे फोन केलात का?" असं त्या कोणाला तरी दरडावताना मी ऐकलं.

आणि गुरुवारी मुलगी जागी झाली.

मी तिला आणायला गेले तर ती पाळणाघराच्या दारात लालबुंद होऊन किंचाळत होती. मी उचलल्यावर तिने माझे केस धरले आणि सोडेना. इतक्या दिवसांत तिच्या मुठीत एवढा जोर नव्हता. मी पायरीवर बसून हसले, मग रडले, मग दोन्ही. आत्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला ते दिसलं. मला वाटलं, उपासाने थकल्या असतील.

शुक्रवारी आणखी बरं होतं. नवरा म्हणाला, "स्कॅन रद्द करायचा का?" मी म्हणाले, "नाही." सासूबाई म्हणाल्या, "देवानं उत्तर दिलंय आणि ही त्याची पावती मागतेय." तरी स्कॅन राहिला.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. त्याआधी साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचे त्याने उभं राहून बोलायचं. सासूबाई उठल्या. त्यांना माईकची गरज पडत नाही, तरी त्यांनी तो घेतला.

"माझी नात तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "नुसती गोळा होऊन पडलेली असायची. माझ्या ह्या नणंदेनं तिच्यासाठी अन्नाचा कण तोंडात घातला नाही. आणि गुरुवारी त्याच पोरीनं माझा चष्मा हिसकावून भिंतीवर फेकला. काच गेली. मी म्हटलं, जाऊ दे काच!"

लोक हसले. कोणीतरी मोठ्याने "आमेन" म्हणालं. मागच्या बाकावरच्या बाईंनी पुढे झुकून आत्यांचा खांदा थोपटला. आत्या माझ्या शेजारी, बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. हातरुमालाची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या.

आमच्याकडे भाकरीचे तुकडे ताटात घालून ते ताट बाकाबाकांतून हातोहात फिरवतात. ताट निघण्याआधी पाळकसाहेब दर वेळी एकच सूचना देतात: ज्याचं कोणाशी काही मिटवायचं राहिलं असेल, त्याने आज तुकडा घेऊ नये, ताट नुसतं पुढे द्यावं, आणि आधी जाऊन ते मिटवावं. ही सूचना आम्ही सगळे मान खाली घालून ऐकतो आणि मग सगळेच तुकडा घेतो. न घेणं म्हणजे भर सभेत हात वर करण्यासारखं आहे.

ताट माझ्याकडून आत्यांच्या हातात गेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, त्यात बघितलं आणि मागच्या बाकावर देऊन टाकलं.

"आत्या," मी हळूच म्हणाले, "उपास आहे म्हणून का?"

त्यांनी मान हलवली. नाही. माझ्या मांडीवरच्या मुलीने त्यांच्या रुमालाकडे हात नेला तसा त्यांनी रुमाल सोडूनच दिला आणि हात मागे घेतला. थोड्या वेळाने द्राक्षरसाचे छोटे पेले आले. तेही तसेच पुढे गेले.

उपासना संपल्यावर सगळे सासूबाईंभोवती जमले. मी आत्यांना शोधत होते. त्या पाळकसाहेबांच्या खोलीत शिरत होत्या. आमचे पाळकसाहेब नवीन आहेत, वयाने लहान, प्रवचन लवकर आटपतात; जुन्या लोकांची त्यांच्याबद्दल तीच तक्रार आहे. दार आतून लागलं. मी तिथेच थांबले असते, पण नवऱ्याने गाडी दाराशी आणली होती.

दुपारभर मी हॉस्पिटलची पिशवी भरत होते. भूल द्यायची असल्याने मुलीला काही तास उपाशी ठेवायचं होतं, म्हणून तिची दुधाची बाटली मी आधीच वरच्या फळीवर ठेवून दिली, चुकून कोणी देऊ नये म्हणून. आणि ती बाटली ठेवता ठेवता माझा हात तिथेच राहिला. शनिवार-रविवारी मुलगी जरा बरी असते, हे मला आधीपासून दिसलं होतं. आई घरी असते म्हणून, असं सगळे म्हणाले होते, आणि मलाही ते आवडलं होतं. पण आई तर गुरुवारी घरी नव्हती.

मी नवऱ्याला काही बोलले नाही. इतक्या वेळा इतक्या गोष्टींची शंका घेऊन झाल्यावर आणखी एक शंका, तीही त्याच्या आत्यावर, कोणत्या तोंडाने काढायची? शिवाय शंका नेमकी कसली हे मलाही सांगता आलं नसतं. ताट पुढे दिलं, एवढंच.

दिवे लागायच्या सुमारास खाली स्कूटर थांबली. मी खिडकीतून बघितलं. पाळकसाहेबांच्या मागून आत्या उतरत होत्या. त्या एकट्याच जिन्याकडे आल्या. पाळकसाहेबांनी स्कूटर बंद केली, डोक्यावरचं हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि ते तिथेच उभे राहिले.

दार नवऱ्याने उघडलं. "ये आत्या. अगं, काय हा तुझा चेहरा! बस आधी."

आत्या बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला माफ कर गं."

"माफ कसलं?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "वन्सं, आता सोडा तो उपास. तुम्ही आडव्या पडाल आणि मला तुमच्यासाठी दुसरी साखळी चालू करावी लागेल."

"मी फार मोठी पापी आहे, वहिनी."

"ते आपण सगळेच आहोत. चहात साखर किती?"

नवरा हसला. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मी हिच्या मुलीला नीट सांभाळलं नाही. कमी पडले. देवानं लेकरं विश्वासानं हातात दिली आणि मी कमी पडले."

"कोण कमी पडत नाही?" सासूबाई कप घेऊन बाहेर आल्या आणि तो खाली ठेवून त्यांनी आत्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढी लेकरं एकटीनं सांभाळायची म्हणजे काय खाऊ आहे? चला, बसा सगळे, आपण प्रार्थना करू."

नवऱ्याने टीव्ही बंद केला. माझ्या हातात मुलीचे मोजे होते. पुढे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. सगळे डोळे मिटतील. आत्या रडतील, सासूबाई त्यांना जवळ घेतील, देवाची क्षमा मागितली जाईल आणि ती मिळाली असं सगळ्यांना वाटेल. मग चहा होईल. आणि उद्या सकाळी मुलीला भूल देतील.

"आधी सांगा," मी म्हणाले. "तुम्ही काय केलंत ते सांगा, आत्या. मग प्रार्थना करू."

"अगं, मोठ्यांशी बोलायची ही काय रीत?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, बोलू दे तिला," नवरा म्हणाला. तो आता हसत नव्हता.

आत्यांनी खिडकीकडे बघितलं. तिथून फक्त समोरच्या इमारतीचे दिवे दिसत होते. मग त्या खाली बघून बोलल्या.

"तिला सर्दीचं औषध देत होते. दुपारी, जेवण झाल्यावर."

"पण तिला सर्दी कुठे होती?" नवऱ्याने विचारलं.

"नव्हती."

आत्या एकदा बोलायला लागल्या तशा थांबल्या नाहीत. पाळणाघराच्या वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणारा माणूस राहतो, तो दुपारी झोपतो. मुलं रडली की काठीने जमिनीवर ठोकतो. एकदा खाली येऊन म्हणाला होता, हे पाळणाघर बंद पाडीन. त्याच सुमारास एका मुलाला खरोखरच सर्दी झाली, आईने डॉक्टरांकडचं औषध आणून दिलं, आणि त्या दुपारी ते मूल असं झोपलं की वरच्या माणसाने संध्याकाळी जिन्यात नमस्कार केला.

"मग मी ते आणून ठेवलं. जी फार रडायची त्यांनाच द्यायचे. तुझ्या लेकीचा आवाज मोठा आहे गं."

"किती द्यायचात?" मी विचारलं.

"अर्धा चमचा. रोज नाही. म्हणजे... शेवटी शेवटी रोजच." त्यांनी तोंड पुसलं. "डॉक्टरांनी स्कॅन सांगितला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. बुधवारपासून एक थेंब दिलेला नाही. देवाशपथ. उपास धरला, रडले, रोज रडले. मला वाटलं, झाला पश्चात्ताप. औषध बंद झालं, मुलगी बरी होतेय, देवाला सगळं ठाऊक आहे, आता तुला कशाला सांगून दुखवायचं? आणि मग आज वहिनी उभ्या राहिल्या."

"मी!" सासूबाईंनी आत्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "मी भर चर्चमध्ये तुमच्या नावानं साक्ष दिली! माईक घेऊन! आता मी तोंड कुठे लपवू? वन्सं, निदान शनिवारी तरी सांगायचंत!"

"आई!" नवरा ओरडला.

मी आतल्या खोलीत गेले. मुलगी झोपली होती, तिची ती, घामेजलेली. मी नाकापुढे बोट धरलं. मग पाठ कॉटला लावून जमिनीवर बसले. मला आत्यांना मारावंसं वाटत होतं, आणि हे मी इथे शोभेचं म्हणून लिहीत नाही. क्षमा करायला मला लहानपणापासून शिकवलेलं आहे, प्रभूच्या प्रार्थनेतले ते शब्द पाठ आहेत, रोज म्हणते. त्या मघाशी नुसत्या "माफ कर" म्हणाल्या तेव्हा मी "केलं" म्हणाले असते तर ते सहज झालं असतं. कशाची क्षमा ते कळल्यावर मला शब्द सापडेनात.

बाहेर आले तेव्हा नवरा खिडकीशी पाठमोरा उभा होता. आत्या अजून उभ्याच होत्या.

"पाळकसाहेबांनी पाठवलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"मी दुपारभर त्यांच्यापुढे नुसती रडत बसले, मग त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ते डोक्यावर हात ठेवतील, क्षमेची प्रार्थना म्हणतील, मला मोकळं वाटेल. त्यांनी विचारलं, ह्यातलं मुलीच्या आईला काय ठाऊक आहे? मी म्हटलं, काही नाही. तर ते उठले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले."

"मग?"

"सापडेना. मी म्हटलं, आधी प्रार्थना तरी करा. म्हणाले, ती परत येताना करू." आत्यांनी नाक ओढलं. "चर्चपासून इथपर्यंत तोंडातून एक शब्द काढला नाही त्यांनी."

"उद्या सकाळी आमच्याबरोबर हॉस्पिटलला चला," मी म्हणाले.

"तूच सांग ना गं डॉक्टरांना. तू शिकलेली आहेस, तुला नीट सांगता येईल. मला तिथे शब्द सुचायचे नाहीत."

"मी नाही सांगणार. मी दिलेलं नाही."

त्यांनी मान डोलावली आणि त्या गेल्या. चहा तसाच राहिला. मी खिडकीतून बघितलं: पाळकसाहेबांनी त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि मग ते दोघं स्कूटरच्या दोन बाजूंना उभे राहून, भाजीच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या लोकांच्या मधोमध, थोडा वेळ डोकी खाली घालून थांबले.

सकाळी आत्या आमच्या आधीच हॉस्पिटलच्या दारात होत्या. हातात कापडी पिशवी होती. डॉक्टरीणबाई भूल देण्याच्या कागदावर माझी सही घ्यायच्या तयारीत होत्या. मी म्हणाले, "आधी ह्यांचं ऐका." आणि मी मुलीला घेऊन खुर्ची मागे सरकवली.

आत्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली. मग चमचा काढला. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पण आवाज तसाच ठेवून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कधीपासून, दिवसातून कितीदा, रिकाम्या पोटी की जेवल्यावर. आत्या सांगत गेल्या. सुरुवातीला त्या प्रत्येक उत्तराआधी "मला क्षमा करा" म्हणत होत्या. डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बाई, ते नंतर. आधी प्रमाण सांगा." त्यानंतर आत्यांनी ते म्हणणं सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी चमच्यात पाणी ओतलं. "अर्धा म्हणजे इथपर्यंत?"

मी आत्यांकडे बघत होते. पाणी बेताचं होतं. "हो" म्हटलं असतं तर तिथेच भागलं असतं. तो चमचा भरताना कोणी बघितलेला नव्हता.

"नाही," आत्या म्हणाल्या. "ह्याहून जास्त. आणि ती कधी थुंकून टाकायची. मग मी परत द्यायचे."

डॉक्टरीणबाईंनी आणखी पाणी ओतलं, मग सिरिंजने ते सगळं ओढून घेऊन आकडा बघितला. त्यांनी भुलीचा कागद माझ्यापुढून उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

"आज काही करायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "हेच कारण असेल असं मला वाटतं. आहेच असं आत्ता म्हणणार नाही. काही दिवस औषधाविना बघू, मी तिला परत तपासेन. नशीब, भूल द्यायच्या आधी कळलं." मग आत्यांकडे वळून, "आणखी किती मुलांना?"

"तिघांना. रोज नाही. पण दिलंय."

"मला हे वर कळवावं लागेल. पाळणाघर बंद होईल बहुतेक."

"हो."

"आणि त्या मुलांच्या घरी?"

"मी आजच सांगते."

नवरा खाली गाडीत होता. त्याला आत यायचं नव्हतं. मी मुलीला घेऊन पुढे बसले, आत्या मागे. गाडी निघते न निघते तोच सासूबाईंचा फोन आला. नवऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"स्कॅन नाही ना? प्रभूची दया! मग झालं तर. डॉक्टरांना सांगून झालं, पोरगी बरी आहे, आता घरातली गोष्ट घरात राहू दे. उगाच गावभर डांगोरा कशाला?"

"वहिनी," आत्या मागून म्हणाल्या, "बाकीच्या तिघांना कोणी स्कॅन सांगितलेला नाही. त्यांच्या आयांना वाटतंय, मूल मुळातच सुस्त आहे."

सासूबाईंचा आवाज खाली आला. "आणि माझ्या साक्षीचं काय?"

"पुढच्या रविवारी मी उभी राहीन. तुम्ही खोटं बोलला नव्हतात."

"काच तर खरीच फुटली," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"मला चौकातल्या पार्लरपाशी सोड," आत्या नवऱ्याला म्हणाल्या. पहिलं मूल पार्लरवालीचं होतं.

त्याने गाडी पार्लरसमोर लावली. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. पार्लरवाली एका बाईचे ओले केस कापत होती. दोघी आरशात बघून कशावर तरी हसत होत्या. आत्या आत शिरल्या तशी तिने मान वळवून ओळखीचं हसून खुर्चीकडे बोट दाखवलं. आत्या बसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले नाहीत, रुमाल काढला नाही. उभ्या उभ्याच त्या बोलायला लागल्या. काचेपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण पार्लरवालीची कात्री वर उचललेली होती ती तशीच राहिली. खुर्चीतल्या बाईने आरशातून आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

मुलगी भुकेने आणि कंटाळून रडायला लागली. मी तिला बाटली दिली. तिने ती ढकलली.

मग पार्लरचं दार उघडलं आणि आवाज रस्त्यावर आला. "...आणि मी तुम्हाला मावशी म्हणत होते! माझं पोर उठून बसत नव्हतं तर मी त्याला आळशी म्हणाले! मी त्याला फटके दिलेत, ठाऊक आहे का तुम्हाला?" येणारे-जाणारे थांबले. आत्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्या निघतील असं मला वाटलं. त्या निघाल्या नाहीत. तिचं आणखी बरंच बोलायचं राहिलं होतं. ते संपेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंचं नाव आणि हॉस्पिटलची वेळ सांगितली, दोनदा सांगितली, आणि पायरी उतरल्या.

गाडीकडे त्या आल्या नाहीत. फुटपाथवरून पुढे चालायला लागल्या. दुसऱ्या मुलाचं घर त्याच रस्त्याला होतं, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत लिफ्ट नाही.

नवऱ्याने किल्लीला हात घातला. "घरी जाऊ या?"

"पुढे घे," मी म्हणाले. "त्या इमारतीशी थांबव. मी हिला घेऊन वर जाते त्यांच्याबरोबर."

त्याने माझ्याकडे बघितलं. "माफ केलंस तिला?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचे गुडघे दुखतात. चढताना कोणीतरी हात धरायला हवा."

त्याने गाडी सुरू केली. मुलगी माझ्या खांद्यावर पूर्ण आवाजात रडत होती, आणि फुटपाथवर आमच्यापुढे चालणाऱ्या आत्यांना ते ऐकू गेलं असावं, कारण त्या थांबल्या आणि मागे वळल्या.